होडीचा तळ तपासा, डोळे आणि हातही जपा

ट्रॉम्बेच्या धक्क्यापाशी ओहोटी लागली, की ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर कललेल्या होड्यांचे तळ दिसू लागतात. लाकडाच्या जागी आता फायबर आले आहे. ते हलके असते, कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे किडे त्याला लागत नाहीत. पण म्हणून त्याला देखभाल लागत नाही असे नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्याच्या आगेमागे होड्या घासणे, तपासणे आणि दुरुस्त करणे ही कामे जोरात असतात. होडी इंजिनाची असो वा शिडाची, या कामांत काम करणाऱ्याच्या शरीराचाही प्रश्न असतो.

होडीची त्वचा

फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि ती घट्ट धरून ठेवणारे रेझिन. त्यावर जेलकोटचा जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटरचा थर असतो. आपल्या त्वचेसारखेच त्याचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे. त्याला चीर पडली की पाणी आत मुरते. चीर नसतानाही पाणी हळूहळू झिरपते, आतले विरघळणारे घटक घेऊन दाट द्रव बनते आणि ऑस्मोसिसच्या नियमाने आणखी पाणी ओढून घेते. मग पृष्ठभागावर फोड येतात. फोड फोडल्यावर येणारा व्हिनेगरसारखा आंबट वास ही त्याची खूण. आतला द्रव दाबाखाली असतो, उसळून डोळ्यांत जाऊ शकतो. म्हणून चष्मा लावूनच फोड फोडावा.

तपासणी कशी करावी?

आधी गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने तळ धुवावा, मऊ ब्रशने शेवाळ काढावे आणि तळ पूर्ण वाळू द्यावा. नंतर बॅटरीचा उजेड तिरपा टाकावा, म्हणजे बारीक चिरा आणि उंचवटे दिसतात. पुढचे टोक, सुकाणूची जागा, इंजिन बसवलेली फळी आणि शिडाच्या होडीत डोलकाठीचा पाया येथे ताण जास्त, म्हणून तिथे अधिक बारकाईने पाहावे. शेवटी नाण्याने किंवा प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बद्द.

डॉक्टर छातीवर बोटे ठोकून फुप्फुसाभोवती पाणी साचले आहे का ते ओळखतात, ते याच पद्धतीने. ही पद्धत लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्ये मांडली. तो खाणावळ चालवणाऱ्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात.

धोके कुठे आहेत?

*जखमा :* तळाला चिकटलेल्या बार्नेकलची कवचे ब्लेडसारखी कापतात. खाऱ्या-मचूळ कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे काही जिवाणू असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांत साधी चीर काही तासांत जिवावर बेतू शकते. जाड हातमोजे आणि बूट घालावेत. जखम झाल्यास स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. सूज झपाट्याने वाढली, वेदना असह्य झाल्या किंवा काळपट फोड आले, तर सकाळपर्यंत थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

*धूळ :* घासताना उडणारे काचेचे कण कातडीत टोचतात. खाज सुटते, घसा खवखवतो. चोळू नये, चिकटपट्टीने उचलावेत आणि गार पाण्याने धुवावे. पॉलिश पेपर ओला करून घासल्यास धूळ कमी उडते. एन-९५ मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

*वाफा :* रेझिनचा उग्र वास स्टायरीनचा. त्याने डोके जड होते, गरगरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो. काम मोकळ्या हवेत करावे, ताडपत्रीने बंद केलेल्या होडीत नको.

*हार्डनर :* रेझिन घट्ट करणारे हे पेरॉक्साइड सगळ्यांत घातक. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून दृष्टी कायमची जाऊ शकते. थेंब गेल्यास तिथल्या तिथे वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. म्हणून बाटली उघडण्याआधी चष्मा आणि पाण्याची बादली जवळ हवी. हार्डनर आणि कोबाल्टचे द्रावण एकमेकांत थेट कधीही मिसळू नये, स्फोट होऊ शकतो.

खरवड खाडीत नको

तळाच्या रंगात बहुधा तांब्याची संयुगे असतात. शेवाळ आणि बार्नेकल रोखणारे हे विष खाडीतल्या इतर जिवांनाही सोडत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिच्या चिखलावर रोहित पक्षी पोसले जातात, तसाच कोळीवाडाही. त्यामुळे खरवडण्यापूर्वी होडीखाली ताडपत्री अंथरावी आणि निघालेली पूड पोत्यात भरून वेगळी ठेवावी.

चष्मा, हातमोजे आणि मास्क यांचा खर्च एका दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो. होडीचा जेलकोट पुन्हा चढवता येतो. गेलेली दृष्टी मात्र अनेकदा परत येत नाही.