सीमा, शिकारी आणि खिशांतला नकाशा

शिकार हा आमच्या वाचकांच्या घरांतला विषय नव्हे, हें आम्ही जाणतों. आपल्याकडे दसऱ्यास पूजावयाच्या त्या पोथ्या, बंदुका नव्हेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत शिकारीस जवळजवळ पूर्ण बंदीच झालेली आहे. तथापि ज्या गोष्टीविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे तींत शिकार ही निमित्तमात्र असून खरा प्रश्न बांधाचा आहे. आणि बांध हा विषय कोणत्या घरांतला नाहीं? ज्या एकत्र कुटुंबास तीन पिढ्यांत एकदांही बांधावरून कोर्टाची पायरी चढावी लागली नसेल त्यानें खुशाल सत्यनारायण घालावा.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमाविवादाचें प्रकरण आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवरी असे वृक्ष लावावे. सीमा जेथें मिळतात तेथें तळीं, विहिरी, देवळें बांधावीं. आणि एवढ्यावर न थांबतां दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे अशा जमिनींत लवकर न कुजणाऱ्या वस्तु पुरून गुप्त खुणाही करून ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. पुढें वाद निघाल्यास साक्ष कोणाची? प्रथम शेजारच्या गांवकऱ्यांची. आणि तसे कोणी न मिळाल्यास रानांत वावरणाऱ्यांची, म्हणजे व्याध, पांखरें धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळें खणणारे, गारुडी यांची. हा भाग तरुणपणीं वाचतांना आम्हांस मोठें नवल वाटे. सीमा शेतकऱ्याची, आणि ती सांगणार कोण, तर ज्याच्या नांवावर तसूभर जमीन नाहीं तो पारधी! परंतु विचार करतां यांतील मर्म कळतें. जो भूमि पायाखालीं घालतो पण जिच्यांत त्याचा वांटा नाहीं, त्यास ती ठाऊकही असते आणि खोटें बोलण्याचें त्यास कारणही नसतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हा संबंध आतां उलटा झालेला दिसतो. तेथील शिकारी सीमा सांगत नाहीं. तोच ती आपल्या खिशांतल्या मोबाईलला विचारतो.

त्यास ती विचारावी कां लागते, हें पाहूं. मनूच्याच नवव्या अध्यायांत शेत ज्यानें खुंट काढून साफ केलें त्याचें, आणि मृग ज्याचा बाण आधीं लागला त्याचा, असा न्याय एकाच श्लोकांत सांगितला आहे. अमेरिकेंतही भूमि आणि मृग यांची मालकी निराळी आहे. वायोमिंग संस्थानाच्या कायद्याप्रमाणें सर्व वन्य पशु हे संस्थानचे; ते कोणाच्या कुरणांत चरतात याच्याशीं त्यांच्या मालकीचा संबंध नाहीं. सरकारी डोंगरावरचें हरिण कुंपण उडून खाजगी रानांत गेलें, तर हरिण आहे तेंच राहतें; पण मागोमाग जाणारा शिकारी क्षणांत गुन्हेगार होतो. माँटानांत तर फलक असो वा नसो, खाजगी जमिनींत शिकार करावयाची तर मालकाची परवानगी लागतेच. टेक्सासांत १९९७ पासून निराळी तऱ्हा आहे: झाडावर वा खांबावर जमिनीपासून तीन ते पांच फुटांच्या उंचीवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा ओढला, कीं तो ‘आंत येऊं नये’ या पाटीच्या बरोबरीचा. परंतु रंग उडतो, खांब पडतात, आणि हजारों एकरांच्या उजाड माळावर पट्टा शोधणार तरी कोठें?

ही अडचण ओळखून माँटानांतील मिसूला येथें एरिक सिग्फ्रीड यांनीं २००९ सालीं जमिनीच्या मालकीचे नकाशे शिकाऱ्यांच्या दिशादर्शक यंत्रांत घालून विकण्याचा धंदा काढला. तोच पुढें ‘ऑनएक्स’ या नांवानें मोबाईलवर आला, आणि आज त्याच्यासारखीं दुसरींही ॲपें आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी कोलोराडोंत नोकरीस आहे. तो स्वतः शाकाहारी. पण कचेरींतील एका स्नेह्याबरोबर डोंगरांत हिंडावयास जातो. गेल्या वर्षीं तो घरीं आला असतां त्यानें हें ॲप आम्हांस उघडून दाखविलें. डोंगर, ओढे, वाटा यांच्या चित्रावर जमिनीचे तुकडे आंखलेले. सरकारी जमिनीस खात्यागणिक निराळा रंग. खाजगी तुकड्यावर बोट ठेवतांच मालकाचें नांव हजर. डोंगरांत मोबाईलला संदेश मिळत नाहीं, म्हणून तेवढा मुलूख घरूनच उतरून घेऊन जावयाचें. मग आपण कोठें उभे आहों तें उपग्रहांवरून कळतें. चार उपग्रहांचे संदेश मिळाले कीं यंत्रास आपलें स्थान काढतां येतें.

येथें आमच्यांतला गणिताचा मास्तर जागा झाला. स्थान कळतें, पण किती अचूक? उघड्या आकाशाखालीं साध्या मोबाईलची चूक सुमारे १६ फुटांची असते. दाट झाडींत किंवा दरींत ती याहून वाढते. दुसरें असें कीं, त्या रेषा आल्या कोठून? बहुतेक तेथील जिल्ह्याजिल्ह्यांच्या करवसुलीच्या नकाशांवरून. ते नकाशे कर कोणाकडून घ्यावयाचा हें ठरविण्यासाठीं केलेले; खुंटी कोठें ठोकावी हें ठरविण्यासाठीं नव्हेत. म्हणजे माणसाचें स्थान अदमासाचें, रेषाही अदमासाची, आणि पडद्यावर मात्र दोन्ही केसाएवढीं बारीक दिसतात! मैलभर लांबीच्या कुरणाच्या मध्यावर यानें कांहीं बिघडत नाहीं. कोपऱ्यावर मात्र सारा प्रश्न याचाच होतो. आणि त्याच कोपऱ्यावरून अमेरिकेंत कित्येक वर्षें एक दावा गाजला.

तो समजण्यास थोडा इतिहास हवा. १७८५ च्या कायद्यानें तेथील पश्चिमेकडील भूमीची आंखणी चौरसांत करण्याचें ठरलें. एक मैल लांब, एक मैल रुंद, म्हणजे ६४० एकरांचा एक चौरस. असे ३६ मिळून एक गट. पुढें १८६२ सालीं पूर्वपश्चिम लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांस प्रोत्साहन म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंचे एक सोडून एक चौरस बहाल झाले. मधले सरकारकडे राहिले. अशा रीतीनें दक्षिण वायोमिंगमध्यें बुद्धिबळाचा एक प्रचंड पटच मांडला गेला. काळीं घरें खाजगी मानलीं तर पांढरीं सरकारी, म्हणजे लोकांचीं. एका पांढऱ्या घरांतून दुसऱ्यांत जावयाचें तर उंटाच्याच चालीनें, कोपऱ्यावरून तिरपें गेलें पाहिजे. काळ्या घरांचे मालक म्हणत कीं, कोपरा ओलांडतांना तुमचा खांदा आमच्या जमिनीवरील आकाशांतून जातो, तोही अतिक्रमच. अशा केवळ कोपऱ्यांमुळें अडून राहिलेली सार्वजनिक जमीन पश्चिमेंत ८३ लाख एकर असल्याचा हिशेब ऑनएक्सनें २०२२ मध्यें प्रसिद्ध केला. ॲप नव्हतें तोंवर सामान्य मनुष्यास ही जमीन आपली आहे हेंच मुळीं दिसत नसे; आणि जें दिसत नाहीं तें कोणी मागत नाहीं.

वायोमिंगच्या कार्बन जिल्ह्यांत एल्क मौंटन नांवाचा अकरा हजार फुटांहून उंच डोंगर आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीचें, पण त्याहून मोठें जनावर. त्या भागांत एका कंपनीचें सुमारे २२,००० एकरांचें खाजगी रान असून तें सरकारी चौरसांशीं पटासारखें गुंतलेलें आहे. २०२० सालीं मिसूरी संस्थानांतील कांहीं शिकारी तेथें गेले. मालकानें कोपऱ्यावर मनाईच्या पाट्या लावलेले दोन खांब रोवून ते सांखळीनें जोडले होते. शिकाऱ्यांनीं खांबांस धरून, पलीकडे पाऊल टाकून कोपरा ओलांडला. दुसऱ्या वर्षीं ते चौघे आले ते लोखंडी शिडीच घेऊन. एका सरकारी चौरसांत चढले, दुसऱ्यांत उतरले, आणि खाजगी मातीस पाय लागूं दिला नाहीं. मोबाईलनें त्यांस कोपऱ्याजवळ आणलें खरें. परंतु शेवटचीं पावलें सरकारी मोजणीदारांनीं पूर्वीं पुरून ठेवलेली पितळी खूण डोळ्यांनीं पाहूनच टाकावीं लागलीं. भूमितींतील बिंदूस लांबीरुंदी नसते. सोळा फुटांची चूक करणारें यंत्र तो दाखवूं शकत नाहीं. मनूच्या त्या पुरलेल्या खापऱ्यांची आठवण आम्हांस या ठिकाणीं झाली.

चौघांवर फौजदारी खटला झाला. २०२२ च्या एप्रिलांत ज्यूरीनें त्यांस निर्दोष सोडलें. मालकाच्या कंपनीनें दिवाणी दावाही लावला आणि त्यांत रानाची किंमत घटली म्हणून सत्तर लाख डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई मागितली. या दाव्यांत शिकाऱ्यांच्या ॲपांतील खुणाही पुरावा म्हणून पुढें आल्या. खाजगी चौरसांत एका ठिकाणीं केलेली एक खूण सांपडली, तेव्हां शिकारी तेथें गेला होता कीं काय, हा वाद शेवटपर्यंत उरला. वस्तुतः अशी खूण घरीं आरामखुर्चींत बसूनही नकाशावर कोठेंही करतां येते. पण वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, जें यंत्र वाट दाखवितें तेंच उद्यां आपल्याविरुद्ध साक्षीसही उभें राहूं शकतें. मनूच्या व्याधाची जागा त्यानें घेतली ती अशी पुरती!

२०२३ च्या मे महिन्यांत जिल्हा न्यायालयानें शिकाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि १८ मार्च २०२५ रोजीं दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयानें तो कायम केला. आधार घेतला तो १८८५ च्या एका जुन्या कायद्याचा. त्या काळीं मोठमोठे गुरांचे धनी स्वतःच्याच चौरसांत कुंपणें अशा खुबीनें घालीत कीं मधली सरकारी कुरणें आपोआप कोंडलीं जात. तें बंद करण्यासाठीं तो केलेला. खाजगी भूमीस स्पर्श न करतां कोपरा ओलांडणाऱ्यास अडवितां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें पुढील अपील ऐकण्याचें नाकारलें.

आमचें मत विचाराल तर निकाल न्याय्य झाला. मालकाचा मातीवरील हक्क कोणी नाकारीत नाहीं. परंतु दोन इंच आकाशाच्या जोरावर लोकांचे हजारों एकर कोंडून ठेवणें हा हक्क नव्हे, हिकमत आहे. तथापि दुसरी बाजूही आहे. आपलें नांव प्रत्येक परक्याच्या खिशांत झळकतें, हें कित्येक मालकांस रुचत नाहीं. आणि तें रुचावें कां? शिवाय हा निकाल त्या मंडळाच्या सहा संस्थानांपुरताच बंधनकारक आहे. ॲपाची जन्मभूमि जी माँटाना ती दुसऱ्या मंडळांत मोडते. आणि तेथील अधिकारी कोपरा ओलांडणें बेकायदाच समजतात. म्हणून तेथील शिकाऱ्यास पलीकडचा डोंगर सरकारी रंगांत स्पष्ट दिसत असतांही मालकाचें दार ठोठवावें लागतें. नांव कळल्यामुळें कोणाचें दार ठोठवावें हें तरी आतां ठाऊक असतें, आणि समंजस शिकारी हंगामाच्या आधींच, हात रिकामे असतां जाऊन विचारून येतात, असें आमचा विद्यार्थी सांगत होता.

आपल्याकडे शिकार नाहीं. पण सरकारच्या ‘महाभूनक्षा’ या संकेतस्थळावर गटांचे नकाशे आतां घरबसल्या दिसतात, आणि सुटींत गांवीं आलेले पुतणे मोबाईल हातांत धरून शेतांत उभे राहूं लागले आहेत. आपली जुनी मोजणी ३३ फुटी सांखळीची; तिचे सोळा भाग, त्यांस आणे म्हणत. सांखळीभर लांबरुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. अमेरिकेचे ते चौरस ६६ फुटी सांखळीनें मोजलेले, म्हणजे बरोबर आपल्या दोन सांखळ्या. त्या सांखळ्यांची चूक कांहीं इंचांची किंवा फुटांची. मोबाईलची सोळा फुटांची. तेव्हां पडद्यावरची रेषा शेजाऱ्याच्या गोठ्यांतून गेलेली दिसली म्हणून कोणी कुदळ उचलूं नये. भूमि अभिलेख कार्यालयांत मोजणीचा अर्ज करावा. तेथून लगतच्या खातेदारांसही नोटीस जाते, आणि खुणा दाखवावयाच्या त्या त्यांच्या समक्ष दाखवितात.