आधी कोणी बोलायचं?

हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या अमेरिकी व्यापाऱ्याची एक गोष्ट दुकानदारीच्या जगात अजून सांगितली जाते. १८८८ च्या सुमारास तो लंडनच्या एका दुकानात शिरला. लगेच एक माणूस पुढे सरसावला, काय हवंय म्हणून. ‘नुसतं बघतोय,’ असं उत्तर मिळताच त्या माणसानं त्याला चालतं व्हायला सांगितलं. पुढे १५ मार्च १९०९ रोजी सेल्फ्रिजनं त्याच शहरात, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर भलंमोठं दुकान उघडलं आणि घ्या किंवा न घ्या, बघायला तर या, असं लोकांना आवतण दिलं. त्याच्या कितीतरी आधी, १८५२ पासून, आरिस्तीद बूसिको पॅरिसच्या बाँ मार्शेमध्ये याच वाटेनं निघाला होता. वस्तूवर ठरलेली किंमत, आणि आत आलात म्हणून काही घेतलंच पाहिजे असं नाही.

वेबसाइटच्या उजव्या कोपऱ्यात टुणकन उगवणारं ‘नमस्कार, काय मदत करू?’ हे त्या दुकानातल्या माणसाचंच नवं रूप. धंद्यानं गिऱ्हाइकाशी आपणहून बोलायला जावं का, हा प्रश्न घरगुती मसाले विकणाऱ्यांपासून मोठ्या बँकांपर्यंत सगळ्यांपुढे आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. जावं, पण एकदाच. समोरचा अडलाय असं दिसलं तरच. आणि त्यानं हाक मारली तर ‘ओ’ द्यायला पलीकडे कोणी असेल तरच. याच्या बाजूचे आणि विरुद्धचे, दोन्हीकडचे किस्से भरपूर आहेत.

दारातलं ‘या, या’

१९८० साली लुइझियानातल्या क्राउली गावच्या वॉलमार्टमध्ये त्या दुकानसाखळीचे संस्थापक सॅम वॉल्टन पोचले, तर दारात एक वयस्कर गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंडभर स्वागत करत उभे. चौकशी केल्यावर कळलं, दुकानात चोऱ्या फार होत होत्या. दारात पहारेकरी उभा करावा तर सरळ माणसं बिचकणार. म्हणून मॅनेजरनं हा तोडगा काढला होता: चोराला कळतं की कोणीतरी बघतंय, आणि बाकीच्यांना वाटतं की आपलं स्वागत होतंय. वॉल्टन यांना ही कल्पना इतकी आवडली की ती त्यांनी आपल्या सगळ्या दुकानांत नेली. त्यांचा दहा फुटांचा नियमही प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक दहा फुटांच्या आत आलं, की त्याच्या डोळ्यांत बघून विचारपूस करायची.

तोच वॉलमार्ट जर्मनीत गेला, तेव्हा हे हसतमुख स्वागत तिथल्या लोकांना अवघडून टाकतं, अशी चर्चा होती. २००६ मध्ये कंपनीनं तिथून गाशा गुंडाळला. कारणं बरीच होती, पण स्वागताची सवय मालासारखी पेटीत भरून दुसऱ्या देशात नेता येत नाही, हे त्यातून नक्की दिसलं.

फुलराणीच्या घराण्यातली एलायझा

संगणकाशी गप्पा मारण्याची सुरुवात शोधत गेलं, की एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉम यांचा ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम सापडतो. त्यावरचा त्यांचा लेख १९६६ मध्ये छापून आला. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या फुलवालीचं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं. म्हणजे जगातला पहिला नावाजलेला चॅटबॉट आणि आपली मंजुळा एकाच घराण्यातल्या! एलायझाला कळत काहीच नव्हतं. समोरच्याचं वाक्य उलटं फिरवून ती प्रश्न विचारायची, एवढंच. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीनं हा प्रोग्रॅम घडताना पाहिला होता. तरीही दोन-चार वाक्यं झाल्यावर तिनं साहेबांनाच विनंती केली, जरा बाहेर थांबता का? कोणीतरी आपली विचारपूस करतंय, याची भूक माणसाला किती असते, ते यावरून समजावं. ‘काय मदत करू?’ या चौकटीची सगळी ताकद या भुकेत आहे, आणि तिचा गैरवापरही तिथूनच होतो.

१९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘टॉकोमॅटिक’ आलं. पडद्याचे पाच भाग, पाच माणसं, आणि प्रत्येकानं टाइप केलेलं अक्षर त्याच क्षणी सगळ्यांना दिसायचं. खोडलेलंही दिसायचं. ही गंमत इतिहासजमा झाली असं वाटत असेल, तर जरा थांबा. आजच्या अनेक चॅट-प्रणालींत तुम्ही ‘पाठवा’चं बटण दाबायच्या आधीच तुमचा मजकूर पलीकडच्या माणसाला दिसत असतो. तुम्ही रागानं लिहून खोडलेलं वाक्य त्यानं वाचलेलं असू शकतं. शिवाय तुम्ही कोणत्या पानावर आहात, किती वेळ रेंगाळलात, साधारण कोणत्या शहरातून आलात, हेही त्याच्यासमोर असतं. उत्तर लवकर तयार ठेवता यावं म्हणून ही सोय आहे, असं कंपन्या सांगतात. मला ती पटत नाही. न पाठवलेलं वाक्य ज्याचं त्याचं असतं. आपणहून बोलायला येणाऱ्यानं निदान चोरून ऐकू नये.

टकटक करणारी क्लिप

न विचारता मदतीला धावणाऱ्यांत सगळ्यात गाजलेली ती मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली डोळे मिचकावणारी क्लिप. तिचं खरं नाव क्लिपिट, पण जग तिला क्लिपी म्हणायचं. पत्राचा मायना टाइप केला, की ही हजर: पत्र लिहिताय वाटतं, मदत हवी का? पहिल्या दिवशी कौतुक वाटायचं. पण शंभरावं पत्र लिहिणाऱ्यालाही ती तेच, तसंच विचारायची. २००१ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं ती मुळातच बंद ठेवली आणि जाहिरातींत स्वतःच तिची टिंगल केली. २००७ मध्ये ती कायमची गेली.

क्लिपीचं विचारणं खुपत नव्हतं, तिचं विसरणं खुपायचं. चॅटच्या चौकटीलाही हेच लागू पडतं. एकदा फुलीवर टिचकी मारून ती बंद केली, की पुढच्या पानावर पुन्हा उघडता कामा नये. ब्राउजरमध्ये एवढी नोंद ठेवणं अगदी सोपं आहे. तरी कितीतरी साइट्सवर ती पानापानाला उगवते, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर तर नेमकी ‘खरेदी करा’च्या बटणावर येऊन बसते. यात गिऱ्हाइकाचा त्रास आहेच, दुकानाचाही तोटा आहे.

घासाघीस करू द्या, मग बघा

चॅटमुळे धंदा वाढतो का, याचं उत्तर शोधायला चीनइतकी चांगली जागा नाही. ईबेनं तिथली ईचनेट ही साइट विकत घेतली आणि २००३ मध्ये तिचा पुरता ताबा मिळवला. त्याच वर्षी अलीबाबानं ‘ताओबाओ’ काढलं. ईबेचं उत्पन्न व्यवहारातल्या शुल्कावर होतं. विकणारा आणि घेणारा आधीच बोलले, तर साइटबाहेरच सौदा उरकतील, ही तिला धास्ती. ताओबाओनं मुळात शुल्कच ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कसली भीती? २००४ मध्ये त्यांनी ‘वांगवांग’ नावाचं चॅट दिलं. कापड खरंच सुती आहे का, दोन घेतले तर भाव काय, उद्या पाठवाल का, असं सगळं बोलून घ्या म्हणाले. बाजारात उभं राहून भाव पाडून घेणाऱ्या समाजाला इंटरनेटवर बाजार सापडला. २००६ च्या डिसेंबरात ईबेनं चीनमधली आपली साइट बंद केली. फुकट विक्रीचा वाटा त्यात मोठा होता, पण चॅटचाही होताच.

पुढे अलीबाबाच्या माहितीवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च’ या नियतकालिकात आला. टॅब्लेट घेणाऱ्यांच्या बाबतीत चॅटमुळे खरेदीची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आकडा भरीव आहे. पण ताओबाओवर बहुतेक वेळा गिऱ्हाईकच आधी बोलतं. दुकानदार हाकेच्या अंतरावर असतो, अंगावर येत नाही. आकड्याइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवावी.

फुटका टीव्ही आणि बेपत्ता उत्तरं

गिरीश मातृभूतम् अमेरिकेतून चेन्नईला परतले, तेव्हा सामानातला त्यांचा टीव्ही फुटून आला. विम्याच्या पैशांसाठी ते महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत राहिले, दाद कोणी देईना. शेवटी परतणाऱ्या भारतीयांच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर त्यांनी सगळी हकिकत लिहिली. झालं! लगेच माफी आली आणि पैसेही. या अनुभवाचा हातभार २०१० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘फ्रेशडेस्क’ या ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला लागला. त्याचीच पुढे ‘फ्रेशवर्क्स’ झाली. २०१५ मध्ये तिनं चेन्नईचीच ‘कोनोटर’ ही चॅट-कंपनी घेतली आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर पोचली.

मातृभूतम् एकटे नव्हते. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २०११ साली आलेल्या एका पाहणीत २,२४१ अमेरिकी कंपन्यांना ऑनलाइन चौकशी पाठवून बघितली. तासाभरात उत्तर देणाऱ्या निघाल्या ३७ टक्के. २३ टक्के कंपन्यांनी तर कधीच उत्तर दिलं नाही! आणि तिथेच दिलेल्या दुसऱ्या एका पाहणीत तासाच्या आत संपर्क साधणाऱ्यांचं बोलणं कामाच्या माणसापर्यंत पोचायची शक्यता एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. ज्यांना आलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं जमत नाही, त्यांनी नव्या लोकांना ‘विचारा, विचारा’ म्हणून बोलवावंच कशाला?

इथे कोपनहेगनचा एक गणिती कामाला येतो. टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी, सेल्फ्रिजचं दुकान उघडलं त्याच १९०९ मध्ये, येणाऱ्या फोनकॉल्सचं गणित मांडणारा लेख छापला. किती फोन येतात, एक बोलणं किती वेळ चालतं, आणि लोक ताटकळू नयेत म्हणून किती माणसं लागतात, हे काढायची त्यांची सूत्रं कॉल सेंटरवाले आजही वापरतात. रांगेचा स्वभाव असा, की माणसं पूर्ण गुंतत आली की थोड्याशा वाढीनंही ती एकदम लांबते. चॅटवर एक माणूस दोन-तीन गिऱ्हाइकं एका वेळी सांभाळतो, पण तोही कधीतरी कमी पडतोच. म्हणून काउंटरवर कोणी नसेल तेव्हा चौकट आपोआप उघडणं बंद ठेवायची सोय बऱ्याच प्रणालींत असते. ती वापरा!

बोलतंय कोण?

माणूस परवडत नाही म्हणून आता यंत्र बसवतात. २०१९ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रयोगात ६,२०० हून अधिक ग्राहकांना विक्रीचे फोन गेले, काहींना माणसाचे, काहींना यंत्राचे. यंत्र तरबेज विक्रेत्यांच्या तोडीस तोड निघालं, नवख्यांपेक्षा चौपट सरस. पण ‘मी यंत्र आहे’ असं सुरुवातीलाच सांगितलं, की खरेदीचं प्रमाण जवळपास ८० टक्क्यांनी घसरलं. हे वाचून कोणाला वाटेल, मग सांगूच नये. कॅलिफोर्नियानं जुलै २०१९ पासून विक्रीसाठी अशी लपवाछपवी करायला कायद्यानंच मनाई केली, आणि ते योग्य केलं.

यंत्र चुकलं तर? आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका कॅनेडियन प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सांगितलं, सवलत नंतरही मागता येते. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा धर्तीचा युक्तिवाद कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानं तो फेटाळला आणि व्याज-खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ, निकाल मोलाचा: तुमच्या साइटवर जे बोलतं, ते तुम्हीच बोलता.

लाल टोपली, काळी टोपली

बोलायचं की नाही हे गिऱ्हाइकालाच ठरवू दिलं तर? सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीनं युरोपातल्या काही दुकानांत दोन रंगांच्या टोपल्या ठेवल्या. लाल घेतली तर मदत हवी, काळी घेतली तर माझं मी बघते. दक्षिण कोरियात इनिसफ्रीनं २०१६ मध्ये अशाच टोपल्या आणल्या होत्या. जपानमधल्या अर्बन रिसर्च या कपड्यांच्या दुकानांनी २०१७ मध्ये ‘बोलू नका’ असं सुचवणाऱ्या पिशव्या दिल्या, आणि त्याच वर्षी क्योटोत न बोलणारे टॅक्सीवालेही सुरू झाले. वेबसाइटला टोपली नसते, पण गिऱ्हाइकाचं वागणं दिसतंच. पैसे भरायच्या पानावर कोणी तीनदा पुढे-मागे करत असेल, तर ती लाल टोपली समजावी. नुकतंच पहिलं पान उघडून वाचत असेल, तर काळी.

आपल्याकडच्या छोट्या धंद्यांचं दुकान मात्र बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर असतं. त्याचं धंद्यांसाठीचं अ‍ॅप जानेवारी २०१८ मध्ये आलं. मोठ्या कंपन्यांच्या प्रणालीला तिथे एक चांगला नियम आहे: गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशापासून २४ तास मोकळेपणानं बोला, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला मजकूर, तोही त्याची परवानगी असेल तर. येवल्याच्या पैठणीवाल्यानं स्वतःची वेबसाइट काढली, तर हे २४ तास तिथेही पाळावेत. आणि चौकट उघडायचीच असेल, तर ती मराठीत उघडावी आणि नेमकं काहीतरी विचारावं. ‘काय मदत करू?’ला ‘काही नको’ हे उत्तर तयारच असतं. पैठणीच्या फोटोवर रेंगाळलेल्या बाईंना ‘पदराचा जवळून फोटो पाठवू का?’ असं विचारलं, तर त्या हो म्हणतील, नाहीतर सरळ नाही म्हणतील, आणि दोन्ही वेळा त्यांना राग येणार नाही.