उपनगरांतील आगीचा बंदोबस्त व त्याचा खर्च

कापसाच्या मुलुखाला आगीची ओळख नव्याने करून द्यावयास नको. मोकळी रुई भडकन् पेटते. दाबलेली गाठ मात्र आतल्या आत धुमसत राहते आणि विझली असे वाटावे तोच पुन्हा धूर काढते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या बोटीला आग लागली, तेव्हा कापसाच्या गाठी व दारूगोळा एकाच बोटीत होता. त्या स्फोटांत अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

परंतु वऱ्हाडातील आजचा प्रश्न केवळ जिन-प्रेसचा राहिलेला नाही. तो राहत्या घरांचा झाला आहे. शेते मोडून ले-आउट पडले, घरे उठली, आणि बंबाचे ठाणे मात्र जुन्या शहरातच राहिले, अशी पुष्कळ गावांची स्थिती आहे. नव्या वस्तीतील रहिवासी म्हणतो, "बंब येईपर्यंत घराची राख होणार असेल तर मी कर कशासाठी द्यावा?" पालिका म्हणते, "कर आला नाही तर ठाणे कोठून बांधावे?" दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच हा खर्च नेमका कशाचा असतो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, हा खर्च पाण्याचा किंवा गाडीचा नसून मुख्यतः जागरणाचा आहे. बंब एकदा विकत घेता येतो; पण तो हाक येताच निघावा म्हणून चालक व जवान तीन पाळ्यांत, वर्षाचे 365 दिवस सज्ज ठेवावे लागतात. शेतातील पीक चोरीस गेले नाही म्हणून जागल्याची मजुरी कोणी कापीत नाही. आग लागली नाही त्या वर्षाचा अग्निशमनाचा खर्च वाया गेला असे म्हणणे हा तशाच प्रकारचा हिशेब होय.

दुसरी गोष्ट अंतराची. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या मानाप्रमाणे शहरी भागात दर 10 चौरस किलोमीटरला एक ठाणे असावे. म्हणजे ठाण्यापासून चहूकडे सुमारे पावणेदोन किलोमीटर. अमरावती व बडनेरा ह्या दोन नगरपालिका मिळून 1983 साली महानगरपालिका झाली. पण दोन्ही गावांमधील सुमारे 10 किलोमीटरचे अंतर कागदावरील एकीने कमी झाले नाही. त्याच समितीच्या मानाने 3 लाख वस्तीपर्यंत दर 50,000 माणसांमागे एक, व त्यापुढे दर लाखामागे एक बंब लागतो. 2011 च्या शिरगणतीत अमरावतीची लोकसंख्या 6,47,057 होती; त्या हिशेबाने नऊ-दहा बंब हवेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. बंबाच्या टाकीत 4,500 लिटर पाणी असले आणि नळीतून मिनिटाला 450 लिटर सुटले, तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. पुढचे पाणी कोठून भरावयाचे? अमरावतीचे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, अकोल्याचे काटेपूर्णेतून. ते घरोघर ठराविक वेळीच मिळत असेल, तर वैशाखाच्या उन्हात भरण्याची जागा आधी ठरवून ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. वस्तीजवळ भरलेली टाकी किंवा वापरती विहीर असणे हे बंबाइतकेच मोलाचे असते.

आता ह्याचे पैसे कोणी द्यावे? अग्निशामक दल ठेवणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनेही हा विषय नगरसंस्थांच्या यादीत घातला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने काही भार मालकांवर टाकला आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या मोठ्या इमारतींनी आपली साधने स्वतः बसवावयाची व ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलैत द्यावयाचा. केंद्रानेही 2023 साली राज्यांच्या अग्निशमन सेवेसाठी 5,000 कोटींची योजना आखली. तीत बहुतेक राज्यांना स्वतःचा 25 टक्के वाटा घालावा लागतो. पण अनुदानातून गाडी येते. रात्री तिच्याशेजारी जागणाऱ्या माणसाचा पगार अखेर गावाच्या तिजोरीतूनच जावयाचा.

तिजोरीचा वाद किती लांबतो, हे अकोल्याने पाहिले आहे. 2016 साली तेथील हद्द वाढून भोवतालची गावे महापालिकेत आली. पुढे 2017 साली मालमत्ता कर वाढविण्यात आला. हा वाद न्यायालयात गेला. 2019 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती वाढ रद्द ठरविली, तर 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निर्णय दिला. आठ वर्षांच्या ह्या भांडणाचा विषय केवळ आगीचा नव्हता. पण ठाणे, बंब व माणसे ज्या पैशातून उभी राहतात, तोच पैसा वादात होता.

मुंबईच्या 1888 च्या कायद्याने सामान्य कराला जोडून अग्निशमनासाठी वेगळा अंश ठेवला. त्यातील मर्म वऱ्हाडालाही घेण्याजोगे आहे. करात आगीचा वाटा किती, आणि त्याबद्दल आपल्या वस्तीला कोणते ठाणे, किती माणसे व कोणती पाण्याची जागा मिळणार, हे नागरिकास दिसले म्हणजे देण्याची नाखुशी पुष्कळ कमी होते. पालिकेने हा हिशेब प्रभागवार मांडावा. रहिवाशांनी तो मागावा, तपासावा आणि आपला वाटा वेळेवर भरावा. रस्त्यावर ओटे व गाड्या पुढे काढून बंबाची वाट अडविणे मात्र पैशाने भरून निघत नाही. ती वाट ज्याची त्यानेच मोकळी ठेविली पाहिजे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना शिकवितो. घर पेटल्यावर तर विहीर खणावयास वेळच उरत नाही. तेव्हा ह्या खर्चाचा वाद घालावयाचा असेल तर तो आग नसतानाच घातलेला बरा.