लक्षणे घटणे आणि ‘रिकव्हरी’ : फरक काय?

• रूढ मनोविकारोपचार : निदान, औषधे, गरज पडल्यास रुग्णालय. यशाचे माप : लक्षणे किती घटली. पहिले मनोविकारविरोधी औषध क्लोरप्रोमाझिन. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये वापर सुरू.

• रिकव्हरी : लक्षणे उरली तरी घर, काम, नाती सांभाळत स्वतःच्या निर्णयाने जगता येणे. अमेरिकी पुनर्वसनतज्ज्ञ विल्यम अँथनी यांची १९९३ची व्याख्या आजही आधारभूत.

• उगम : अमेरिकेतील रुग्णहक्क चळवळ. तिच्यातल्या पॅट्रिशिया डीगन यांना किशोरवयात स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या.

• अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातला अभ्यास (१९८७) : सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांतले, वर्षानुवर्षे आजारी असलेले रुग्ण. पुनर्वसनानंतर समाजात परतले. सुमारे तीन दशकांनी त्यांचा माग काढला, तेव्हा निम्मे ते दोन तृतीयांश बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले.

• गैरसमज नको : रिकव्हरी म्हणजे औषधे सोडणे नव्हे. डोस डॉक्टरांशी बोलूनच बदलावा.

• भारतात : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. उपचारांबाबत आगाऊ लेखी निर्देश (कलम ५), समाजात राहण्याचा हक्क (कलम १९).

• मदत : टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.