फुकेतच्या किनाऱ्यावरचे जेवण

फुकेत हे थायलंडचे सर्वांत मोठे बेट. सुमारे 540 चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ बेट अंदमान समुद्रात, देशाच्या दक्षिण भागात मुख्य भूमीला अगदी खेटून आहे. 1967 मध्ये सारासिन पूल झाल्यापासून तेथे रस्त्यानेही जाता येते. 2015 मध्ये युनेस्कोने फुकेतचा समावेश जगातील निवडक खाद्यनगरींमध्ये केला. समुद्र दिसेल असे टेबल येथे जागोजागी मिळते; मात्र पश्चिमेचा, पूर्वेचा आणि दक्षिणेचा किनारा एकमेकांपासून इतके वेगळे आहेत, की समोरचे दृश्य आणि ताटातली मासळी दोन्ही जागेनुसार बदलतात.

पाटोंग, कारोन, काता, कमला या प्रसिद्ध पुळणी पश्चिमेला आहेत. समोर मोकळा समुद्र असल्याने सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो. बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला फक्त आठ अंशांवर असल्यामुळे सूर्यास्ताची वेळ वर्षभर सहा ते सातच्या दरम्यानच राहते आणि संधिप्रकाश लवकर ओसरतो. त्यामुळे अंधार पडल्यावर पोहोचणाऱ्याला दृश्याचे पैसे मोजून काळोख पाहावा लागतो; साडेपाचपर्यंत टेबलावर बसणे बरे. पुळणींच्या मधल्या डोंगरसोंडांवर हॉटेले आणि महागडी रेस्टॉरंट्स आहेत. टेबल जितके उंचावर, तितके बिल मोठे. दक्षिण टोकावरचे प्रोमथेप हे सूर्यास्त पाहण्याचे सर्वांत गर्दीचे ठिकाण आहे.

कोकणावर येणारे नैऋत्य मोसमी वारे फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यालाही झोडपतात. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, पोहण्यास मनाई करणारे लाल बावटे लागतात आणि उघड्यावरची टेबले पावसाच्या मर्जीवर चालतात. हॉटेलांचे दर मात्र याच काळात उतरतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम. थायलंडच्या आखातातील को सामुई बेटावर गणित वेगळे आहे. तेथे सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना ते बेट अधिक सोयीचे.

फुकेतचा पूर्व किनारा फांग न्गा उपसागराकडे तोंड करून आहे. येथे पाणी शांत आणि उथळ, काठाला खारफुटी आणि क्षितिजावर चुनखडीचे उभे सुळके. ओहोटीला पाणी दूरवर हटते आणि समुद्राच्या जागी चिखलाचे मैदान उरते. म्हणून या बाजूला जेवणाची वेळ भरती पाहून ठरवावी लागते. लेम हिनच्या धक्क्यावरून लांब शेपटीच्या होडीने काही मिनिटांत तरंगत्या रेस्टॉरंटांवर जाता येते. हे मुळात मत्स्यपालनाचे तराफे. फळ्यांखालच्या जाळ्यांत मासे, खेकडे आणि शेवंड जिवंत ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक निवडेल तो मासा शिजवला जातो. थाई लोक ज्याला ‘प्ला कापोंग’ म्हणतात तो येथला लोकप्रिय मासा म्हणजे रायगडच्या तळ्यांत वाढणारा आपला जिताडाच. लिंबाचा रस, लसूण आणि मिरची घालून तो अख्खा वाफवतात.

दक्षिणेच्या रावाईला मासळीबाजार आणि स्वयंपाकघर समोरासमोर आहेत. एका बाजूच्या गाळ्यांवर कोळंबी, माकुल, तिसऱ्या, खेकडे विकत घ्यायचे आणि पलीकडच्या खानावळीत वजनाप्रमाणे मजुरी देऊन शिजवून घ्यायचे. या बाजारामागे उराक लावोई आणि मोकेन या समुद्रावर जगणाऱ्या जमातींची वस्ती आहे. पर्यटन येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या येथे आहेत. किनाऱ्याच्या जमिनीला भाव आल्यावर त्यांच्या राहत्या जागांवर मालकीचे दावे उभे राहिले आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

येथल्या चवींचा इतिहास कथिलाच्या खाणींशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात चीनच्या फुजियान भागातून आलेल्या होक्कियन मजुरांनी आणि व्यापाऱ्यांनी जाड पिवळ्या नूडल्स, सोया सॉसमध्ये शिजवलेले डुकराचे मांस आणि कालवे घालून परतलेले ‘ओ ताओ’ येथे रुजवले. नारळाच्या दुधातली खेकड्याची आमटी ही दक्षिण थायलंडची ओळख. ती शिरवाळ्यांसारख्या तांदळाच्या ताज्या शेवयांबरोबर वाढतात. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ घालून आंबवली की ‘कापी’ तयार होते आणि बहुतेक चटण्यांना तिचाच आधार असतो. भाजलेल्या मासळीबरोबर हिरवी मिरची, लसूण, लिंबू आणि माशाचा सॉस यांची झणझणीत चटणी येते.

थाई जेवणात पदार्थ क्रमाने येत नाहीत. जे आधी शिजेल ते आधी येते आणि मध्यभागी ठेवून सगळे वाटून खातात. भात चमच्याने खायचा, काटा फक्त घास चमच्यावर सारण्यापुरता, चॉपस्टिक नूडल्ससाठीच. शाकाहाऱ्यांना नुसते ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण भाजीतही माशाचा सॉस किंवा कापी असते. त्यांनी ‘जे’ हा शब्द वापरावा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो; या चिनी परंपरेच्या आहारात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतात. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फुकेतमध्ये नऊ दिवसांचा मोठा शाकाहार उत्सव होतो.

बिलाबाबत दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मासळीचा लिहिलेला भाव अनेकदा किलोचा नसून 100 ग्रॅमचा असतो. दीड किलोच्या शेवंडीचे बिल त्याच्या पंधरापट होते. मोठ्या रेस्टॉरंटांत छापील किमतीवर 10 टक्के सेवाशुल्क आणि 7 टक्के कर वेगळा लागतो. म्हणून वजन समोर करून एकूण रक्कम विचारून घ्यावी. तेथे त्यात कोणी गैर मानत नाही.

थायलंडच्या कायद्यानुसार समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरीही वर्षानुवर्षे खुर्च्या, छत्र्या आणि खानावळींनी पुळणी व्यापल्या होत्या. 2014 मध्ये लष्करी राजवटीने फुकेतच्या पुळणींवरची अशी बरीच बांधकामे हटवली. तेव्हापासून वाळूवर टेबल मांडण्यावर निर्बंध आहेत आणि बरीच रेस्टॉरंट्स रस्त्यालगत सरकली आहेत. किनाऱ्यावर स्वतःचे जेवण नेऊन बसायला मात्र कोणाची आडकाठी नाही. बाजारातून भाजलेला मासा आणि चिकट भात घेऊन संध्याकाळी चटईवर बसलेली थाई कुटुंबे ठिकठिकाणी दिसतात.

थोडक्यात, सूर्यास्तासाठी कोरड्या हंगामातला पश्चिम किनारा, जिवंत मासळीसाठी भरतीच्या वेळी पूर्वेकडचे तराफे आणि पैशाला पुरेपूर मोल हवे असेल तर रावाईचा बाजार. सर्वांत सुंदर दृश्य आणि सर्वांत ताजा मासा फुकेतमध्ये एकाच टेबलावर क्वचितच मिळतात. दोन संध्याकाळी हाताशी असतील, तर एक दृश्यासाठी आणि एक मासळीसाठी राखणे उत्तम.