वाढत्या पिल्लाचे पाय का वाकतात?

शेताच्या राखणीसाठी आणलेले पिल्लू तीन-चार महिन्यांचे झाले की कधी कधी त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकू लागतात. पंजे पसरतात, उठताना ते विव्हळते, लहानशा उडीनेही हाड मोडते. मग आपण म्हणतो, "पिल्लू अशक्त आहे, आणखी मांस घाला." पुष्कळदा दुखण्याचे मूळ त्या मांसातच असते.

बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम त्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकेच. वाढत्या पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे अधिक लागते. अन्नातून ते मिळाले नाही, की गळ्यातील बारीक ग्रंथी रक्तातील प्रमाण राखण्यासाठी ते हाडांतून ओढून घेतात. नुसत्या भात-भाकरीवर वाढवलेल्या पिल्लाचीही तीच गत होते.

खरा मुडदूस निराळा. तो 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ साली पिल्लांवरील प्रयोगांतून दाखवले, की हा रोग निकृष्ट आहाराने जडतो व कॉड माशाच्या तेलाने टळतो. माणसाच्या कातडीत हे जीवनसत्त्व उन्हाने तयार होते. कुत्र्याच्या कातडीत फारच थोडे होते. म्हणून पिल्लाला उन्हात बांधून भागत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

तेव्हा आपण काय करावे?

१. नुसते मांस किंवा नुसता भात देऊ नये. पिल्लांसाठीचे तयार संतुलित खाद्य परवडल्यास उत्तम. त्यात वरून कॅल्शियम घालू नये.

२. घरचे अन्न असेल, तर अंड्याची टरफले उकळून, वाळवून, पिठासारखी दळावीत. अर्धा किलो मांसाला अर्धा चहाचा चमचा पूड साधारण पुरते. नेमके प्रमाण पशुवैद्यास विचारावे. पानाला लावायचा चुना कधीही घालू नये. त्याने तोंड व आतडी भाजतात.

३. जास्तही घातक. थोराड जातीच्या पिल्लांची हाडे अति कॅल्शियमने बिघडतात, आणि 'ड' जीवनसत्त्व अति झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात.

४. पाय वाकलेच, तर पशुवैद्यास दाखवावे. काही आठवडे पिल्लाला लहान जागेत, मऊ अंथरुणावर ठेवावे. धावू-उडू देऊ नये.

आहार वेळीच सुधारला, तर हाडे काही आठवड्यांत पुन्हा भरू लागतात. उशीर झाला, तर वाकलेले हाड तसेच राहते. कुत्रीची कंबर अरुंद झाल्यास पुढे पिल्ले अडतात. राखणदार आपल्याला दहा-बारा वर्षे हवा असतो. त्याच्या पहिल्या सहा महिन्यांच्या ताटलीकडे आपण लक्ष देऊ या.