आधी पायाखालची जमीन

डिसोसिएटिव्ह झटक्यांचे पेशंट माझ्याकडं येतात तेव्हा बहुतेकांकडं दोन गोष्टी असतात: मनगटावर गंडा आणि पिशवीत नॉर्मल आलेला ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख. दातखीळ बसते, डोळे मिटतात, अंग ताठ होतं. घरच्यांनी कांदा हुंगवलेला असतो, चप्पलही. मग दारातच प्रश्न येतो, "रिपोर्ट क्लिअर आहे मॅडम, म्हणजे ही नाटक करते का?"

नाही. रिपोर्टइतकाच तिचा त्रासही खरा आहे. असह्य अनुभव जाणिवेपासून तुटून बाजूला पडतो (हेच डिसोसिएशन) आणि माणसाच्या नकळत वागण्यातून, शरीरातून उमटत राहतो, हे फ्रान्सच्या मानसशास्त्रज्ञ प्येर जानेनं 1889 सालीच लिहून ठेवलं. (काहींना अपस्मार आणि हे झटके दोन्ही असतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टची तपासणी मी कधीच टाळू देत नाही.)

तपासणीत 28 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. बर्नस्टीन आणि पटनम यांची, 1986ची. प्रवासात मधला रस्ता आठवतच नाही, असं किती वेळा होतं? उत्तर टक्क्यांत द्यायचं असतं. पुष्कळ बायका तिथंच अडतात. मग मी विचारते, "रुपयातले किती आणे?" आणि चटकन उत्तर येतं, "बारा आणे." हा आकडा संशोधनाच्या तक्त्यात भरता येत नाही, पण बोलणं सुरू होतं.

खरं काम त्यानंतरचं. बोलता बोलता समोरचीची नजर दाराच्या कडीवर खिळते. आवाज लहान मुलीसारखा बारीक होतो, बोटं ओढणीच्या टोकाला पीळ देत राहतात. 'पुढं काय झालं?' हा प्रश्न मी अशा वेळी विचारत नाही. "ताई, इकडं बघा. पाय फरशीला टेकवा. गार लागतेय? खोलीत निळं काय काय दिसतंय?" बराच वेळ काहीच नाही. मग, "पडदा... बाटलीचं झाकण..." आणि तिचा नेहमीचा आवाज परत येतो. त्या दिवशी एवढंच.

जुनी आठवण उकरून काढली की माणूस बरं होतं, ही समजूत घातक आहे. 1980-90च्या दशकांत अमेरिकेत थेरपीत 'परत मिळवलेल्या' आठवणींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यातल्या काही आठवणी थेरपिस्टच्या सूचनांतूनच उगवलेल्या निघाल्या. म्हणून पेशंटच्या तोंडी मी माझे शब्द घालत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992च्या पुस्तकात उपचारांचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. आपल्याकडं पहिलाच टप्पा सर्वांत अवघड. ज्याच्यामुळं झटके येतात तो त्याच घरात जेवायला बसत असेल, तर रात्री खोलीला आतून कडी लागते का, स्वतःचा मोबाइल आहे का, माहेरी जायला एसटीपुरते पैसे आहेत का, इथूनच उपचार सुरू होतात.

आणि अंगात येणं? अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते. जत्रेत, रिवाजानं येणारं वारं रोगात मोजत नाहीत. ते आवरेनासं झालं, त्यानं जगणं अडलं, तर मात्र उपचार हवेत.

तुमच्या घरात असे झटके कुणाला येत असतील, तर कांदा-चप्पल बाजूला ठेवा, थोबाडीत मारू नका, 'नाटक' हा शब्द उच्चारू नका. लागेल अशी वस्तू दूर करा, शेजारी बसून हळू बोला, नंतर डॉक्टरांकडं न्या. आणि कुठं जायचं ते कळत नसेल, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही, मराठीतूनही बोलता येतं.